उशिरा येणारी जीप

सायवनच्या पुढच्या पाड्यावर जिवलीइतकं मुकं पोर नव्हतं. सहावीत आली तरी वर्गात तोंड उघडायची नाही. चुकलं तर हसतील ही धास्ती. प्राजक्ताबाईंनी मात्र नामी युक्ती काढली. वर्गाची मागची भिंत गेरूनं रंगवून घेतली आणि सांगितलं, ज्याला जे विचारायचंय त्यानं ते इथं काढावं. कुठलाच प्रश्न चुकीचा नसतो.

जिवलीला वाचाच फुटली. आईनं वाटून दिलेल्या तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून ती विचारत सुटली. मुंग्या झोपतात कधी? तारप्यात फुंकलेला वारा जातो कुठं? बाई चित्रापुढे सगळ्यांना बसवायच्या, उत्तर शोधायला लावायच्या. पोरीला बाई म्हणजे देवच वाटू लागल्या.

म्हणून एक दिवस तिनं मनातलं काढलं. कुलूपबंद शाळा, दारात हात उंचावून वाट बघणारी पोरं, माथ्यावर आलेला सूर्य आणि लांब वळणावर एक जीप. डहाणूहून बाईंना आणणारी जीप रोज उशिरा का येते? बाई हसल्या, छान प्रश्न आहे म्हणाल्या. उत्तर तेवढं दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात तालुक्याहून साहेब आले. बाईंचा उपक्रम बघायलाच आले होते. त्या दिवशी जीप बरी वेळेवर आली! साहेब भिंत बघत बघत नेमके त्याच चित्रापाशी थांबले आणि हे काय म्हणून विचारलं.

बाई लगबगीनं पुढे झाल्या.

"सूर्यपूजा आहे, सर. यांच्यात असते. जीपमधून पाहुणे येतायत."

साहेबांनी कौतुकानं जिवलीला विचारलं, खरं का गं? जिवलीनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी नजर दिली नाही, नुसती मान हलवली, हो म्हण म्हणून.

"हो," जिवली म्हणाली.

साहेबांनी शाबासकी दिली, बाईंनी पाठ थोपटली. ज्यांच्यापुढे विश्वासानं मान ठेवली, त्यांनीच केसानं गळा कापला. तिच्याच प्रश्नाला तिच्याच तोंडून खोटं पाडलं. जिवलीला रडायचीही लाज वाटली.

सोमवारी जीप पुन्हा उशिरा आली. बाईंनी पोरांना भिंतीपाशी नेलं. जिवलीनं मुकाट तारप्याचा नाच काढला, बाजारातल्या पिशव्यांवर असतो तसाच, गोल गरगरीत. बाई खूश झाल्या.

"वा! आणि यात तुझा प्रश्न काय?"

"काय नाय, बाई," जिवली म्हणाली. "नाच हाये."