हलका टप

साच्याच्या कडेत लाकडी पाचर ठोकून कारागिराने गाडीचा टप सोडवायला घेतला. एक कड सुटली, दुसरी हटून बसली. तो पलीकडे जायला वळला तेवढ्यात दारात उभे असलेले वृद्ध गृहस्थ न विचारताच आत आले आणि त्यांनी सुटलेली कड धरली.

"मी धरतो. तुम्ही तिकडून ठोका."

तीन-चार ठोक्यांत फायबर चरचरलं आणि टप मोकळा झाला. दोघांनी तो उचलून लाकडी घोडीवर ठेवला. गृहस्थांनी आपल्या रिकाम्या तळव्यांकडे पाहिलं.

"एवढाच?"

"साडेनऊ किलो," कारागीर म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडात बसलेलं होतं. "कंपनीचा येतो तो चोवीस किलो. त्याला दोन माणसं लागतात. हा एकटी बाईसुद्धा काढते-घालते."

"हो. तीही असंच म्हणाली होती."

गृहस्थांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले.

"पाच महिन्यांपूर्वी तुम्ही एका लाल गाडीला असा टप बसवलात. हॉस्पिटलच्या रक्त तपासणी विभागात काम करणारी मुलगी होती. मी तिचा बाप."

कारागिराने हातातला हातोडा खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि त्याच्या नेहमीच्या खिळ्याला नेऊन अडकवला. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून आणलं आणि त्यावरची धूळ फडक्याने झटकली.

"बसा."

ती मुलगी त्याला नीट आठवत होती. दोन सीटांची उघडी गाडी हौसेने घ्यायची आणि रविवारची फिरवायची, अशी त्याची बहुतेक गिऱ्हाइकं. ही रोज तीस किलोमीटर जाऊन तीस किलोमीटर परत यायची. तिच्या गाडीचा कापडी टप कुणीतरी चाकूने फाडला होता. पाऊस आला की डावा गुडघा भिजायचा, आणि वेग वाढवला की वाऱ्याच्या आवाजात स्वतःचं गाणंसुद्धा ऐकू येत नाही, अशी तिची तक्रार होती. "आणि माझं गाणं मला एकटीलाच सहन होतं, त्यामुळे ते ऐकू यायलाच हवं," असं म्हणून ती हसली होती.

तिने अख्खी दुपार निवडण्यात घालवली. जड टपाखाली बसून पाहिलं, हलक्याखाली बसून पाहिलं, दोन्ही टिचक्या मारून पाहिले. हलक्यात एकच अडचण होती. त्याची मागची काच तिरकी खाली उतरत जायची आणि सीटांमागे गाडीच्या तळाला बोल्टने जखडलेली लोखंडी कमान तिच्या आड यायची. ती काढल्याशिवाय टप बसत नव्हता.

"काढली तर चालेल ना?" तिने विचारलं होतं.

"रोजच्या रस्त्याला काय होतंय," तो म्हणाला होता. "तुम्हाला काय शर्यतीत पळवायचीय?"

ती फोन करायला बाहेर गेली आणि आत येऊन म्हणाली, हलकाच. त्याने स्वतःच्या हाताने चार बोल्ट काढले. दहा मिनिटांचं काम.

"गाडी वळणावर घसरली आणि बाजूच्या चरात उलटी पडली," वडील म्हणाले. "तुम्हाला कळलंच असेल."

"विम्याच्या माणसाचा फोन आला होता."

त्या माणसाला त्याने सांगितलं होतं की टप ऊन-पावसापुरता असतो, आधारासाठी नसतो, आणि तसं पावतीच्या मागे छापलेलं आहे. खाली तिची सही होती. तेव्हापासून अनोळखी नंबर दिसला की तो आधी दार ओढून घ्यायचा आणि मगच उचलायचा. विम्याच्या माणसाने पुन्हा फोन केला नाही. कमानीबद्दल त्याला कुणीच विचारलं नाही.

"मी भांडायला आलेलो नाही," वडील म्हणाले. "एकच विचारायचं होतं. त्या दिवशी तिने मला इथूनच फोन केला. म्हणाली, बाबा, दोन आहेत. जड तो दणकट वाटतो, पण दर वेळी तुम्हाला हात लावावा लागेल. घरात आम्ही दोघंच. माझी कंबर गेलेली. वाकलो की सरळ व्हायला अर्धा तास." ते थांबले. "मी म्हणालो, ठके, हलकाच घे बाई, माझ्याच्याने व्हायचं नाही."

कारागिराने हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"तो जड असता तर वाचली असती का, एवढंच सांगा. खरं असेल ते सांगा. मी ऐकून घेईन."

तिने कमानीचं वडिलांना सांगितलेलं नव्हतं. कारागिराच्या ते लक्षात आलं आणि त्याने खाली पडलेली पाचर उचलून हातात धरली.

"टपाचा काही उपयोग नसतो अशा वेळी," तो म्हणाला. "जड असो की हलका, उलट्या गाडीचं वजन टप पेलत नाही. पेलण्यासाठी तो केलेलाच नसतो."

"म्हणजे फरक पडला नसता."

"टपाने नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता.

वडिलांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. मग त्यांनी पाणी मागितलं. कारागिराने बाटली दिली, तर त्यांनी ती अर्धी संपवली.

"बरं झालं आलो," ते म्हणाले. "ती गेल्यापासून तो एक शब्द डोक्यातून जात नव्हता. हलका. भाजीची पिशवी उचलली तरी तोच." त्यांनी बाटलीचं झाकण नीट फिरवून लावलं. "आता दुसरं काम. तिची मैत्रीण आहे, तिच्याच विभागातली. दोघींनी गाड्या एकाच दिवशी घेतल्या. हिची निळी आहे. टप तोच बसवायचा ठरलेला, पण हे झालं आणि ती थांबली. आता कापडातून पाणी येतंय. मला म्हणाली, काका, तुम्ही सांगाल तसं करते. म्हटलं, विचारून येतो."

त्यांनी घोडीवरच्या टपावर हात ठेवला.

"हाच द्या तिला. उद्या गाडी घेऊन यायला सांगतो."

"हा दुसऱ्यांचा आहे."

"मग दुसरा करा. घाई नाही."

"तिला जडच घेऊ द्या," कारागीर म्हणाला.

"का? आत्ताच तर म्हणालात, फरक नसतो."

साचा खराब झालाय म्हणून सांगता आलं असतं. पण दोघांनी मिळून आत्ताच त्यातून टप काढला होता. मैत्रीण आल्यावर तिला परस्पर वळवता आलं असतं, आणि मग तिने हे घरी जाऊन काकांना सांगितलंच असतं. कारागिराने पाचर खाली ठेवली.

"सीटांमागे एक लोखंडी कमान असते," तो म्हणाला. "गाडी उलटली तर वजन तिच्यावर येतं. हलक्या टपाला ती आड येते. काढावी लागते."

"आणि जड टपाला?"

"राहते."

वडिलांनी टपावरचा हात काढून घेतला.

"ठकीच्या गाडीची?"

"मी काढली. तिने विचारलं होतं, काढली तर चालेल ना. मी चालेल म्हणालो."

वडिलांनी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. ते स्टुलावरून उठायला लागले आणि अर्ध्यातच अडकले. कारागीर पुढे झाला, तसा त्यांनी तळवा उभा करून त्याला जागीच थांबवलं. सरळ उभं राहायला त्यांना बराच वेळ लागला.

मग त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नंबर लावला.

"पोरी, मी बोलतोय. जडच घे." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, दोन माणसं लागतात. मी येत जाईन की. आणि सीटांमागे ती कमान आहे ना, तिला कुणाला हात लावू देऊ नकोस. कुणीही काहीही म्हणो."

फोन खिशात ठेवून ते दाराशी गेले. तिथे क्षणभर थांबले. ते काहीतरी बोलतील असं कारागिराला वाटलं, बोलावं असंही वाटलं. ते उंबऱ्यावरून जपून उतरले आणि भिंतीच्या कडेकडेने निघून गेले.

कारागिराने दार ओढून घेतलं. फोनमधली नावं तो एकेक करून वर सरकवू लागला. हलका टप नेलेले एकवीस होते. त्यातल्या कुणाकुणाची कमान काढली, हे आठवायला त्याला कष्ट पडले नाहीत. तिला सोडून सातजण. बाकीच्यांच्या गाड्यांत कमान मुळातच नव्हती.

पहिला होता बासरी शिकवणारा तरुण. दुसऱ्याच रिंगला त्याने फोन उचलला.

"अहो, किती दिवसांनी. टप एक नंबर चाललाय तुमचा. बोला ना."

"गाडी चालवताय का?"

"हो, पण स्पष्ट ऐकू येतंय. तुमचीच कृपा."

"आधी गाडी बाजूला घ्या," कारागीर म्हणाला.