शर्यतीचा मांडव

तोंडात सुतळीचा तुकडा धरून कोंडाजी शिडीच्या वरच्या पायरीवर उभे होते आणि मांडवाच्या दर्शनी बाजूला मखमली झालर बांधत होते. तेवढ्यात खालून सुजितने विचारलं,

"काका, हा मांडव इथं कुणी घालायला सांगितला?"

प्रश्न कौतुकाने विचारलेला नाही, हे आवाजावरूनच कळत होतं. तरी कोंडाजींनी आधी गाठ पुरी केली. अर्धी गाठ सोडून बोलायला लागणारा मांडववाला धंद्यात टिकत नाही, असं त्यांचं मत होतं, आणि चिंचवड गावठाणात त्यांचा धंदा चाळीस वर्षं टिकला होता.

"तुमीच की. शर्यत संपती तिथं घाला म्हनला."

"मग?"

"मग घातला."

सुजित रोइंग संघटनेचा सचिव. चाकणच्या पुढचा करंजखोलचा तलाव परदेशी संघांसाठी तयार करताना त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. जलपर्णी उपसून झाली, म्हशीवाल्यांच्या विनवण्या करून झाल्या, पाण्यावर दोन किलोमीटर तारा ताणून त्यांना रंगीत गोळे बांधून झाले. पाच देशांचे संघ येऊन पोचले होते. उद्या सकाळी शर्यत. आणि पाहुण्यांचा आठशे खुर्च्यांचा मांडव, तलावाच्या ज्या टोकाला शर्यत सुरू व्हायची नेमका त्याच टोकाला, बांधाशेजारी दिमाखात उभा होता.

"काका, इथून बोटी सुटणार. संपणार तिकडे, वडापाशी!"

"कसं व्हईल?" कोंडाजी खाली उतरले. खिशातून मोबाईल काढून त्यांनी रस्त्यावरच्या फ्लेक्सचा फोटो पुढे धरला. पाच बोटी, प्रत्येकीत एक मुलगी, कडेला हाच बांध. "ह्या पोरींची तोंडं कुनीकडं हायत? बांधाकडं. म्हंजी त्या बांधाकडं चालल्यात. मानूस जिकडं तोंड करतो तिकडंच जातो की."

"रोइंगमध्ये नाही जात. पाठीकडे जातो."

कोंडाजींनी त्याला निरखून पाहिलं. पोराला बरेच दिवस झोप नव्हती, ऊनही डोक्यावर आलं होतं.

"उलटं?"

"उलटं."

"फुडं काय हाय ते दिसत न्हाई?"

"नाही."

"आनि ह्याला आंतरराष्ट्रीय म्हनत्यात?"

सुजितला हसू येणार होतं, पण त्याची नजर पुन्हा फोटोवर गेली. "काका, ही तिसरी तर तुमची विजयश्रीच आहे. तुम्ही तिला कधी बोट चालवताना पाहिलंच नाही?"

कोंडाजींनी मोबाईल खिशात टाकला आणि पडलेली सुतळी गोळा करायला लागले. सुतळी फारशी पडलेली नव्हती.

त्याचं असं होतं. तीन वर्षांपूर्वी याच कोंडाजींनी विजयश्रीच्या लग्नाचा मांडव गावठाणात घातला होता. लोकांच्या लेकींना घालतात त्याहून सव्वापट मोठा. हळदीच्या दिवशी व्याही म्हणाले, लग्नानंतर बोटी बंद. विजयश्री म्हणाली, मग लग्न बंद. दुसऱ्या दिवशी कोंडाजींनी एकाही माणसाला हात लावू न देता तो मांडव एकट्याने उतरवला. उभा मांडव कार्याआधी उतरवू नये, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा, आणि तो त्यांच्याच दारात मोडला. मुलगी पुढे पोलिसांच्या संघात गेली, दिवाळीला घरी यायची, बापलेक महागाईपासून मेट्रोपर्यंत सगळं बोलायचे. बोटीचा विषय मात्र दोघंही टाळायचे. ती व्हिडिओ पाठवायची. ते उघडायचे नाहीत.

मांडव चुकला याची त्यांना लाज वाटत नव्हती. चुका सगळ्यांच्या होतात. लाज वाटत होती ती याची, की मुलगी इतकी वर्षं पाण्यात घाम गाळतेय आणि बापाला ती कुठं तोंड करून बसते हेही ठाऊक नाही. आणि हे आता तिला कळणार होतं.

ते कळायला जेवणाची सुट्टीसुद्धा लागली नाही. अशी बातमी तलावाला वळसा घालून जात नाही, सरळ पाण्यावरून जाते. चहावाला हसला, गोळे बांधणारे हसले, उझबेकिस्तानच्या संघाला कुणीतरी हातवारे करून समजावलं, तेही हसले. सुजितने दहा माणसं आणि एक टेंपो आणला.

"काका, संध्याकाळपर्यंत तिकडे उभा करू. मंत्री येणारेत."

"एक खांब हलायचा न्हाई." कोंडाजींनी मधल्या खांबाला मिठी मारली. साठी उलटलेला माणूस खांबाला मिठी मारून उभा राहिला की दहा जणांना काय करावं ते सुचत नाही. "पोरीची शर्यत उद्या हाय. आदल्या दिवशी तिचा मांडव पुन्यांदा उतरवू व्हय मी?"

शालनबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं आणि भाकरीचं फडकं उलगडलं. "सोडा त्याला, जेवून घ्या. खांब कुटं पळून न्हाई चालला."

तेवढ्यात विजयश्री आली. सरावाहून तशीच, केस ओले, तळहातांना पट्ट्या. माणसं बाजूला झाली.

"आप्पा, सगळे हसतायत."

"हसू दे."

"मी नाही हसले."

"त्याचंच भ्या वाटत हुतं," कोंडाजी म्हणाले.

रागावली असती तर बरं झालं असतं, असं कोंडाजींना वाटलं. रागावलेल्या माणसाला काहीतरी उत्तर देता येतं. मग ती सुजितकडे वळली. "दादा, मांडव राहू दे इथंच."

"अगं, पण मंत्री कुठं बसणार?"

"गोडावनात धाकला शामियाना हाय," कोंडाजी खांब न सोडता म्हणाले. "पांढराशुभ्र. लगेच घालून देतो तिकडं."

"चांगला आहे का?"

"झकास हाय. दशक्रियेला लावतो त्यो."

सुजितने डोळे मिटून घेतले. पण वेळ नव्हता, आणि पांढरा रंग मंत्र्यांना आवडेल असं त्याने स्वतःला समजावलं. टेंपो चिंचवडच्या दिशेने सुटला.

"तुम्ही उद्या इथंच थांबा," जाता जाता विजयश्री म्हणाली. "पुढच्या खुर्चीवर."

"मांडववाला कदी खुर्चीत बसत न्हाई."

"मग उभे राहा. पण बघा, आप्पा."

कोंडाजींनी खांब सोडला आणि ते जेवायला बसले. त्यांचा भाकरीचा घास बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

सकाळी वडापाशी पाहुणे, पास, गुच्छ आणि कॅमेरे. इकडे मोठ्या मांडवात पास विचारायला कुणीच नव्हतं, त्यामुळे अख्खं करंजखोल येऊन बसलं होतं. म्हशीवाले पुढच्या रांगेत होते. पाण्यातल्या तराफ्यांवर पाच जण पालथे पडून पाच बोटींची शेपटं धरून होते. ही कसली नोकरी, आणि हिला पेन्शन असते का, यावर मागे चर्चा रंगली होती. कोंडाजी मांडवाच्या बाहेर, पाण्याच्या कडेला उभे होते. रात्रभर त्यांनी स्वतःला बजावलं होतं की आपण खांबांवर लक्ष ठेवायला थांबतोय.

दिवा हिरवा झाला. भोंगा वाजला. पालथ्या माणसांनी हात सोडले.

पाची बोटी एकदम निघाल्या आणि मांडवातली कुजबुज थांबली. कारण पाची मुली त्यांच्याकडेच बघत होत्या. लांब जात होत्या, आणि बघत होत्या. विजयश्रीचा चेहरा कोंडाजींना स्पष्ट दिसत होता. दात आवळलेले, गाल फुगलेले, लहानपणी ताप आल्यावर औषध नको म्हणताना व्हायचा अगदी तसा. मांडवाच्या दारात उभं राहून त्यांनी आजवर हजारभर पोरींची पाठवणी पाहिली होती. मोटार सुरू होते, पोरगी एकदा वळून बघते, मग नुसती मागची काच दिसते. अशी तोंड इकडे करून जाणारी त्यांनी एकही पाहिली नव्हती. त्यांचा हात आपसूक वर गेला.

"कोन फुडं हाय?" मागून एका म्हशीवाल्याने विचारलं.

ते इथून कुणालाच कळत नव्हतं. बोटी बारीक होत गेल्या, चेहऱ्यांचे ठिपके झाले. कोंडाजींचा हात वर गेलेला होता तो तसाच हलत राहिला.

शालनबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "अवो, हात खाली घ्या आता. एवढ्या लांबून तिला काय दिसतंय?"

"दिसतंय," कोंडाजी म्हणाले. "तिला दुसरं काय दिसतच न्हाई."