माझ्या डोळ्यावरचं कुंकू

मी फवारणीचा ड्रोन बोलतोय. अंगानं दांडगा आहे, पण आज बोलायला जीभ रेटत नाही.

ढोकीच्या बचत गटानं मला घेतलं आणि शिवरंजनीच्या हवाली केलं. उडवण्याचं रीतसर शिकून आलेली बाई. उडवण्याआधी पाती हलवून बघायची, बॅटरी चाचपायची, विजेच्या तारा न्याहाळायची, माणसांना बांधामागं पिटाळायची. शेवटी पोटाखालची काच पुसायची. तो माझा डोळा. जमीन किती खाली आहे, ते मला त्यातूनच कळतं.

पहिल्या फवारणीला सगळा गाव उसाच्या कडेला लोटला. पूजा कुणी करायची? "आमच्या आत्याबाई करतील," शिवरंजनी म्हणाली. गंगम्मा, तिची सासू, विधवा. "माझ्या हातानं नगं गं," म्हणत ती मागं सरली, पण सुनेनं हाताला धरून आणलंच. म्हातारीनं बोटानं नेमकं त्या काचेवर ओलं, दाट कुंकू लावलं. मी आपला देव झाल्यासारखा फुगलो.

शिवरंजनीनं फडकं पुढं केलं आणि थबकली. सासूनं इतक्या वर्षांनी लावलेलं कुंकू सगळ्यांदेखत पुसायचं कसं? फडकं कमरेला खोचून तिनं मला उडवलं.

मला जमीनच दिसेना. उसात तोंडघशी पडलो, पाती मोडली. नशीब, माणसं बांधामागं होती.

"इधवा बाईच्या हातची पूजा, दुसरं काय व्हनार?" गटाच्या अध्यक्षीणबाईंचा नवरा बब्रुवान मोठ्यानं म्हणाला. गंगम्मानं पदर पुढं ओढला. शिवरंजनी खाली मान घालून माझी पाती वेचत राहिली. मला बोलता येत नव्हतं. तिला येत होतं. त्या दिवसाची लाज मला अजून जात नाही.

आज दुरुस्त होऊन पुन्हा त्याच बांधावर उभा आहे. पूजा अध्यक्षीणबाईंनी केली, कुंकू पुन्हा काचेवरच. शिवरंजनी फडकं घेऊन वाकली, तशा बायका कुजबुजल्या, "सवाशिणीनं कुंकू पुसू नये गं!" तिचा हात पुन्हा अडला.

तेव्हा लांब उभी असलेली गंगम्मा पुढं आली आणि पदरानं काच लख्ख पुसून म्हणाली, "पुसायचं काम माझ्याकडं दे. मला सवय हाय."

आणि ती पुन्हा लांब जाऊन उभी राहिली. एकटी.

शिवरंजनी, पाती बघितलीस, बॅटरी बघितलीस, डोळाही साफ झाला. एक गोष्ट राहिली आहे, बाई. त्या दिवशी चूक कुणाची होती, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग. मग उडव मला.