गणपतीत राणी मरत नाही

"उत्तरा, गणपतीसमोर मर्तिक नको यार. लोक मुलाबाळांना घेऊन येतात," अमेरिकेतल्या एडिसन गावच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष रवींद्र म्हणाला.

उत्तराने शेजारच्या म्हाताऱ्या एर्मानोचं नाटक हौसेने मराठीत आणलं होतं. तिने ही अडचण बैठकीतच शेजारी बसलेल्या त्याला इंग्रजीत सांगितली. एर्मानो म्हणाला, "राणी मरणार. नाहीतर नाटक परत द्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळात वाद असाच मिटतो. माना डोलवायच्या आणि हवं तेच करायचं. एर्मानोला हे कुठून ठाऊक असणार? तो खूश होऊन घरी गेला.

इटलीहून तरुणपणी आलेला एर्मानो दिवसा फरशा विकायचा आणि रात्री राजेराण्यांना मारायचा. इटालियन क्लबात नटांचा तुटवडा. पहिल्या अंकात मेलेला सरदार मिशा लावून तिसऱ्यात पुन्हा मरायला यायचा. राणी मात्र कायम लीदिया, त्याची बायको. विष प्याली की पडदा धरून ती इतकी सावकाश खाली यायची, की प्रेक्षक तेवढ्यात कोट घालून घ्यायचे. मग एका हिवाळ्यात ती स्वयंपाकघरात गेली ती गेलीच, एकही संवाद न म्हणता. पुढे क्लबही बंद पडला. तिचं ते रंगमंचावरचं मरण त्याला एकदा, शेवटचं, पाहायचं होतं.

गणपतीत शाळेचा हॉल भरला. ऐन कटाच्या प्रवेशात, पांढऱ्या होंडाचे लाइट चालू राहिलेत, अशी घोषणा झाली. कटवाल्यांपैकी एक जण खाली उतरून बघून आला.

राणी झालेली स्वानंदी विष प्याली, पडदा धरून सावकाश खाली बसली. एर्मानोने श्वास रोखला.

तेवढ्यात राणी उठली. मुकुट सारखा केला, खुन्याचा कान धरला आणि पानं वाढलीत, सगळ्यांनी जेवायला चला, असं फर्मावलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

उत्तराने शरमेने मान खाली घातली. "काका, सॉरी. मी त्यांना थांबवायला हवं होतं."



"इतकी नाटकं लिहिली," एर्मानो म्हणाला, "पण तिला उठवता येतं, हे सुचलंच नाही मला."

स्वानंदी त्याच वेषात त्याचं ताट घेऊन आली. गुडघे धरत एर्मानो उभा राहिला, तिच्यासाठी खुर्ची ओढली, आणि ती बसेपर्यंत बसला नाही.