उपाशीपोटी ऐकलेला कुक्कू

“हे मी सांगतोय ते या बेटावर कुणालाही पटायचं नाही. मलासुद्धा पटलं नव्हतं,” टॉर्मडनं चहाचा मग टेबलावर आपटला, “पण पश्चिम किनाऱ्यावर मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. आणि वसंतात तर नाहीच नाही!”

समोर त्याची धाकटी बहीण बेहाक अवाक होऊन बसली होती. तिच्या नवऱ्यानं, वॉटीनं, चहात बुडवलेलं बिस्किट विरघळून तळाला गेलं तरी त्याला पत्ता नव्हता.

खरा धक्का मात्र अर्ध्या तासापूर्वी बसला होता, आणि तो टॉर्मडला. दुपारच्या बोटीनं ही जोडी ग्लासगोहून उतरली आणि बेहाकनं कोट काढायच्या आत टेबलावरचं लोणी बाजूला सारून नकाशा पसरला. अख्खं जुरा बेट टेबलभर आडवं झालं.

“एप्रिलच्या अखेरीला,” ती म्हणाली. “तंबू घेतलाय, बूट घेतलेत. उत्तरेच्या टोकापासून सगळा पश्चिम किनारा पायी. आम्ही दोघं चालणार, आणि वाट तू दाखवायचीस.”

“वाटेत संडास कुठं कुठं आहेत?” वॉटीनं विचारलं.

“हरणांना विचार,” बेहाक म्हणाली.

टॉर्मडच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जुराचा रस्ता, दुकान, माणसं, सगळं पूर्वेला. पश्चिमेला नुसती दलदल, रानबोकड आणि गुहा. तरणाताठा असताना टॉर्मड एकदा पाठीवर पिशवी टाकून तिकडं निघाला होता खरा. पण पहिल्याच दलदलीनं त्याचा एक बूट गिळला, तसा हा बहाद्दर मागच्या मागे फिरला आणि एका मित्राच्या मेंढ्यांच्या गोठ्यात पत्ते कुटत पडला. घरी परतला तो मात्र सगळा किनारा जिंकून! त्या किनाऱ्याच्या जिवावर आजवर त्यानं किती लोकांची व्हिस्की रिचवली असेल, देव जाणे. बोकडांना तो नावानिशी ओळखायचा.

“तुझ्या गुहेत मला एक रात्र झोपायचंय,” बेहाक नकाशावरून बोट फिरवत म्हणाली होती. “लहानपणी त्या गुहेची गोष्ट ऐकल्याशिवाय मला झोप यायची नाही. ग्लासगोत सगळ्यांना सांगत आलेय मी, माझा भाऊ कसा आहे ते. आता साठी आली रे. ती गुहा दाखव मला.”

आता गुहा आणायची कुठून? या पोरीच्या नजरेतून उतरण्यापेक्षा समुद्रात उडी टाकलेली बरी, असं टॉर्मडला झालं. उडी टाकायला समुद्र दाराशीच होता, पण पाणी फार गार. म्हणून त्यानं चहाचा मग आपटून दुसरा मार्ग धरला होता.

“पण का नाही टाकणार पाऊल?” बेहाकनं विचारलं.

“मी तिथं कुक्कू पक्षी ऐकलाय.” टॉर्मडनं आवाज खाली आणला. “वर्षाचा पहिला. उपाशीपोटी!”

बेहाकनं तोंडावर हात ठेवला. “अरे देवा!”

“म्हणजे काय झालं?” वॉटी म्हणाला.

“वर्ष बुडालं म्हणून समज,” बेहाक म्हणाली. “एप्रिल लागला की आई आम्हाला अंथरुणातच भाकरीचा तुकडा भरवायची. उपाशी कानावर कुक्कू पडू नये म्हणून.”

“माझी शेवटची ओटची भाकरी रात्री बोकडानं पळवली,” टॉर्मड म्हणाला. “पहाटे उठतो तो पोटात कावळे ओरडतायत आणि गुहेच्या तोंडाशी कुक्कू! मी झटकन बुटाची नाडी तोंडात कोंबली.”

“नाडी?”

“चामड्याची होती. चामडं म्हणजे गायच की. पण खाण्यात मोजत नाहीत म्हणे तसलं.”

“बाप रे,” वॉटी पुटपुटला.

“पुढं ऐक. तो आवाज माझ्या गुहेत शिरला, तिथून शेजारच्या गुहेत, तिथून पुढच्या. असा गुहेगुहेत मुक्काम करत बेटाला वळसा घालून निघाला. घरी येऊन मी सकाळी दाढी करतोय, पोटात अजून काही नाही, आणि त्या खिडकीतून तोच कुक्कू! माझ्या मागोमाग चालत आलेला!”

वॉटीनं खिडकीकडं पाहिलं आणि घाईघाईनं एक बिस्किट तोंडात टाकलं.

“मग रे?” बेहाक खुर्ची पुढं सरकवत म्हणाली.

“त्या वर्षी गाय आटली. होडी गेली, नांगरासकट. आणि माझ्या इझाबेलनं लग्न केलं एका दातांच्या डॉक्टरशी.”

“दातांच्या डॉक्टरशी!” वॉटी किंचाळला. “बेहाक, गुंडाळ तो नकाशा. आपण अ‍ॅरन बेटावर जाऊ. तिथं बस फिरते.”

बेहाकनं डोळे टिपले. नकाशाची एक घडी घातली, मग दुसरी. “मला कधीच बोलला नाहीस रे हे,” ती हळूच म्हणाली. टॉर्मडच्या छातीवरचा धोंडा उतरला.

इथं त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण ऐकणाऱ्यांचे असे आ वासलेले चेहरे समोर असताना गप्प बसायचं, हे त्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.

“दृश्य मात्र काय सांगू तुम्हाला!” तो म्हणाला. “कुक्कूनं हाक दिली आणि त्याच घटकेला समोर समुद्रातून सूर्य वर आला. दारूभट्टीतल्या तांब्याच्या हंड्यासारखा लालभडक. थेट गुहेत, माझ्या डोळ्यांत!”

बेहाकचे हात थांबले.

“समुद्रातून?”

“आईशप्पत.”

“पहाटे?”

“सूर्य काय दुपारी उगवतो, बाई?”

तिनं घातलेल्या घड्या एकेक करून उलगडल्या, पश्चिम किनाऱ्यावर बोट ठेवलं, आणि मान वर केली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“टॉर्मड! तिथं सूर्य समुद्रात बुडतो रे, उगवतो तो इकडं, या तुझ्या खिडकीत! मेल्या, तू तिकडं कधी गेलेलाच नाहीस!”