दार बंदच होतं

माझ्या बाबांनी बेचाळीस वर्षं लोकांची कुलुपं बसवली, बिघडलेली उघडली, हरवलेल्या किल्ल्यांच्या जागी नव्या घासून दिल्या. त्या माणसाला दार लावता येत नाही, असं भिंतीवरच्या एका पांढऱ्या डबीने ठरवलं. डबीचं ऐकून दादाने ठरवलं, दादाचं ऐकून वहिनीने त्यांच्याकडची मागची खोली रिकामी केली, आणि बुधवारी सकाळी अकराला विस्मरणाच्या डॉक्टरांची वेळही घेऊन झाली. डॉक्टरांनी कागदावर एवढं लिहिलं, की यांना एकटं ठेवू नका, की झालं. बाबा मागच्या खोलीत वॉशिंग मशीनच्या शेजारी, आणि घर बंद. मला हे सगळं सोमवारी संध्याकाळी फोनवर कळलं. वर दादा "तुला उगाच त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं" म्हणाला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती डबी म्हणजे चोरांसाठीचा अलार्म. आई गेल्यावर दादाने तो बाबांना न विचारता बसवून घेतला. बाबा त्याला घरजावई म्हणतात. "काम काही नाही, भिंतीला टेकून बसलेला असतो आणि जरा मनाविरुद्ध झालं की घर डोक्यावर घेतो," हे त्यांचं वर्णन. बाहेर जाताना त्यात कोड टाकायचा आणि पंचेचाळीस सेकंदांत घराबाहेर पडायचं. त्यानंतर दार उघडलं तर तो अर्धं मिनिट टीं टीं करत कोडची वाट बघतो. कोड मिळाला नाही, तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा सायरन.

बसवल्यापासूनच्या सहा आठवड्यांत हा सायरन अकरा वेळा वाजला होता. प्रत्येक वेळी बाबा, आठवड्यातून दोनदा जातात तसे, चारच्या सुमारास फिरायला बाहेर पडले होते. प्रत्येक वेळी समोर शिकवणी घेणाऱ्या बाईंनी दादाला फोन केला होता, आणि प्रत्येक वेळी दादाने मोबाईल उघडून वाचलं होतं, 'मुख्य दार उघडले. कोड टाकला नाही.' मोबाईलमध्ये आलं म्हणजे ब्रह्मवाक्य. बाबा म्हणत होते, "मी दार लावलं होतं." पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडच्या वाक्याखाली तारीख आणि वेळ छापून येत नाही ना!

मी लिफ्ट दुरुस्त करते. सत्तावीस वर्षं झाली. बंद पडलेल्या लिफ्टपाशी आम्ही पोचलो, की इमारतीतलं कोणीतरी हमखास सांगतं की पाचव्या मजल्यावरच्या आजींनी बटणं वेडीवाकडी दाबली. दहातल्या नऊ वेळा दोष दाराच्या स्विचचा निघतो. आजींची मग कोणी माफी मागत नाही. त्यामुळे मंगळवारी मी सुट्टी टाकली, हत्यारांची पिशवी उचलली आणि बाबांच्या घरी गेले.

बाबा पुढच्या खोलीत त्यांच्या कामाच्या टेबलाशी बसले होते. कानशी एकेक पुसून फडक्यात गुंडाळत होते.

"हे काय करताय?"

"आवरतोय. दादाकडे एवढं सगळं मावायचं नाही. चार चांगल्या नेतो, बाकीच्या तू घे."

"कोणी कुठे जात नाहीये," मी म्हणाले आणि थेट त्या कंपनीला फोन लावला. तीनदा वाट बघायला लावून, मध्ये पेटीवरची एक धून ऐकवून, शेवटी त्यांनी माणूस पाठवला.

आला तो बिचारा तरुण नव्हता, चांगला पन्नाशीचा होता, म्हणून तर मला जास्त राग आला. त्याने डबीकडे बघितलंच नाही. हातातल्या टॅबकडे बघत म्हणाला, "सिस्टीम एकदम ओके आहे मॅडम. अकराही वेळा दार उघडल्याची नोंद आहे."

"दार उघडलं की नुसतं तसं वाटलं?"

"वाटायला ते माणूस थोडंच आहे? दाराला चुंबक आहे, चौकटीला स्विच. चुंबक लांब गेलं की दार उघडलं. साधा हिशेब."

त्याने कोड टाकला, बाहेर गेला, दार ओढून घेतलं, दोन मिनिटं थांबला, आत आला, कोड टाकला. सगळं सुरळीत. मग बाबा शेजारीच उभे असताना मला म्हणाला, "मॅडम, खरं सांगू? यंत्र ठीक आहे. आजोबांचं जरा बघा. या वयात होतं असं. दार लावलं असं वाटतं, पण लावलेलं नसतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, हे कुलुपं बसवत होते ना, तेव्हा तुम्ही रांगत होतात," मी म्हणाले. त्याने खांदे उडवले आणि टॅबवर माझी सही मागितली. तक्रार निकाली, कारण : वापरकर्त्याची चूक. मी सही केली नाही. तर म्हणे, सही न करताही निकाली काढता येते.

तो गेल्यावर मी कंबर कसली. डबीची बॅटरी काढून मोजली, भरलेली होती. स्विचचं झाकण उघडलं, आत धूळ नाही, कोळी नाही, सुटलेली तार नाही. चुंबक दाराच्या वरच्या कोपऱ्यात डिंकाच्या पट्टीने चिकटवलं होतं, स्विचपासून जरा लांबच. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढं अंतर पुरतं, पण काठावरचं. मला ते खटकलं. पण काठावरचं म्हणजे काही चूक नव्हे. दार लावलं, उघडलं, हळू लावलं, आपटलं. कोड टाकून बाहेर जायचं, लॅच ओढायचं, थांबायचं, पुन्हा आत यायचं. पंधरा वेळा तरी केलं असेल. घरजावई अगदी शहाण्यासारखा गप्प बसला होता. साडेतीन वाजले, आणि माझ्याकडे दादाच्या तोंडावर फेकायला काहीही नव्हतं.

बाबा सगळं बघत होते. मग शांतपणे म्हणाले, "सोड गं. मी बुधवारचं हो म्हटलंय."

"का पण? दार लावलं होतं म्हणता ना तुम्ही?"

"म्हणत होतो." त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "शेवटच्या चार वेळा मी फिरायला गेलोच नाही. दार लावायचो आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचो. म्हटलं, कोण उघडतं ते बघू. नजर काढली नाही दारावरून. कोणी आलं नाही, दार हललं नाही, आणि वाजायला लागलं. चारही वेळा."

"हे दादाला सांगितलंत?"

"सांगितलं ना. तो म्हणाला, बाबा, आता तुम्हाला भासही व्हायला लागले. त्यानंतरच त्याने डॉक्टरांची वेळ घेतली." ते थोडं हसले, आणि ते हसू मला बघवेना. "मग मीही विचार केला. डोळ्यांना दार बंद दिसतं, यंत्राला उघडं दिसतं, मुलालाही उघडंच पटतं. एकटा मीच बरोबर कसा असेन? त्यापेक्षा म्हटलं, जाऊ. निदान तुमच्या डोक्याला ताप नको."

मला रडू आलं आणि रागही आला, आणि मी रागाचंच ऐकलं. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास त्या माणसाने आमच्या सोयीसाठी सोडून दिला होता! मी पिशवी आपटून बंद केली आणि म्हटलं, "चला, उठा. फिरायला जाऊ. वाजू दे काय वाजायचं ते."

मी पुढे होऊन गल्लीत उभी राहिले. बाबांनी आत कोड टाकला, बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि कुलुपं लावायला लागले. त्या दाराला तीन कुलुपं आहेत, तिन्ही त्यांनीच बसवलेली. लॅच, मग मधलं पितळी, मग तळाशी कडीचं. तळाच्या कुलुपासाठी त्यांना वाकावं लागतं, आणि गुडघ्यांमुळे वाकायलाच वेळ लागतो, उठायला त्याहून जास्त. मी घड्याळ बघत पाय आपटत होते. त्या उतावळेपणामुळेच कळलं, की त्यांना मिनिटाच्या वर लागलं.

मग ते उभे राहिले, दारावर हात ठेवला आणि दार आत रेटलं. आधी वर, मग मध्ये, मग खाली. तीन चांगले दणदणीत धक्के. किल्ल्या खिशात टाकल्या आणि वळले.

आतून बारीक आवाज आला. टीं. टीं. टीं.

बाबांना तो ऐकू येत नाही, इतका बारीक आवाज त्यांच्या कानांना आता पोचत नाही. ते माझ्यापर्यंत येऊन "चल" म्हणालेसुद्धा. मी तशीच खिळून उभी. तीस सेकंद झाले आणि सायरनने गल्ली दणाणून सोडली. शिकवणीच्या बाई खिडकीत आल्या. बाबांचा चेहरा एकदम उतरला.

"किल्ल्या द्या!" मी ओरडले. तिन्ही कुलुपं उघडून आत धावले, घरजावयाचं तोंड बंद केलं आणि बाहेर आले. "बाबा, पुन्हा करा. अगदी तसंच."

"काय करू?"

"दार लावा. नेहमी लावता तसं."

या वेळी मी दाराला नाक लावून उभी होते. मधला धक्का, काही नाही. खालचा, काही नाही. पण त्याआधी, वर धक्का बसला तेव्हा जुन्या लाकडी दाराचा तो कोपरा आत वाकला होता आणि त्याच क्षणी आत टीं टीं सुरू झालं होतं. कुलुपं सगळी मध्ये आणि खाली, वर दाराला धरून ठेवणारं काहीच नाही. चुंबक आधीच काठावर, ते तेवढ्यात लांब गेलं आणि जागेवर आलं. दार तसूभर उघडलं नव्हतं. यंत्राला मात्र ते सताड उघडलं होतं. आणि पंचेचाळीस सेकंद केव्हाच होऊन गेले होते.

जवळच्या दुकानात जाताना बाबा फक्त लॅच ओढतात आणि पंचेचाळीस सेकंदांच्या आतच धक्के मारून मोकळे होतात, म्हणून तेव्हा वाजत नसे. कंपनीच्या माणसाने धक्का मारलाच नाही. मीही नाही मारला. धक्का मारून बघायचं कुलूपवाल्याला सुचतं, बाकीच्यांना नाही. "कुलूप लावलं म्हणजे दार बंद झालं असं नसतं, दाराला विचारून बघायचं," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. जन्मापासून मी त्यांना हे तीन धक्के मारताना बघत आले होते, आणि म्हणूनच मला ते कधी दिसलेच नाहीत.

मी तिथेच पायरीवर बसून दादाला फोन लावला. स्पीकर चालू केला, बाबांना ऐकू जावं म्हणून, आणि शिकवणीच्या बाईंना ऐकू गेलं तरी बरंच. एका दमात सगळं सांगितलं.

मग दादा म्हणाला, "बरं झालं मिळालं ते. मग बाबांना सांग ना, धक्के मारू नका म्हणून. सोपं आहे."

"सोपं?" माझा आवाज चिरकला. "चूक त्या डबीची, ती लावणाऱ्याची, तिचं ऐकून बापाला वेड्यात काढणाऱ्याची, आणि बदलायचं कोणी? बाबांनी? ते चुंबक मी आत्ता हलवणार आहे आणि वेळ दोन मिनिटं करणार आहे. धक्के मारले जातील. अकरा वेळा सांगितलं त्यांनी तुला, अकरा वेळा!"

"अगं, चिडतेस काय एवढी? मी काळजीपोटीच केलं ना सगळं? मला वाटलं..."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"हॅलो," ते म्हणाले. "दार बंद होतं."

"हो बाबा. कळलं. सॉरी. मी उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द करतो लगेच."

"रद्द कशाला करतोस? तू जा. फक्त डॉक्टर बदल, कानाचा घे. सहा आठवडे बापाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, साधी गोष्ट नाही ती."

मी खदाखदा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी दादाला बरोबर जागी पकडलं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते हसत नव्हते.

"आणि हिलाही बरोबर ने," ते फोनमध्ये म्हणाले. "सकाळपासून आली आहे. बॅटरी मोजली, तारा बघितल्या, पंधरा वेळा दार उघडलं, पंधरा वेळा लावलं. मी समोरच बसलो होतो. एकदाही विचारलं नाही हिने, की बाबा, तुम्ही दार लावता कसं."