पेट्रोलचा काटा

धाकट्या भावाला म्हणे बाबांच्या जुन्या गाडीचं मीटर नव्या घराच्या भिंतीवर टांगायचं होतं. सजावटवाल्याने डोक्यात भरवलं होतं, मागून पिवळा दिवा सोडला की पाहुणे बघत राहतील. उरलेली गाडी भंगारात. हे ऐकल्यापासून ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पण बाबा 'ने बाबा' म्हणून मोकळे झाले होते, आणि या दिवट्याने स्वतः हात घातला असता तर मीटर फोडूनच काढलं असतं. म्हणून ती आली होती. ती ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. लोकांच्या लेकींना गाडी शिकवायची आणि स्कूलच्या गाड्यांची किरकोळ दुरुस्तीही स्वतःच करायची.

या गाडीचं स्टिअरिंग मात्र तिच्या हाती कधी आलं नाही. तरुणपणी गाडी शिकवा म्हणून ती बाबांच्या हात धुऊन मागे लागायची. बाबा चावी फिरवायचे आणि काट्याकडे बोट दाखवायचे. "टाकी रिकामी आहे, बघ." काटा खरोखरच तळाला गेलेला असायचा. ती मुकाट्याने खाली उतरायची. शेवटी ती शिकली बेकरीवाल्याच्या खटारा व्हॅनवर.

तिने बॅटरीची तार सोडवली, कडेचे स्क्रू काढले आणि मीटर हलकेच पुढे घेतलं.

"ओढ की जोरात," धाकटा गॅरेजच्या दारातून म्हणाला.

"मागे वेगाच्या काट्याची केबल असते. ती आधी सोडवतात. तू आहेस तिथेच उभा राहा."

मागे हात घालून तिने केबल सोडवली, दिवे उपसले, तारांना चिकटपट्टीच्या खुणा लावल्या. पेट्रोलच्या काट्याची एक तार मात्र बाकीच्यांच्या जुडग्यात नव्हती. ती वेगळीच वाट धरून स्टिअरिंगखाली उतरली होती. बोटाने माग काढत ती पोचली एका चिमुकल्या बटणापाशी. ते बाहेरून दिसत नव्हतं, पण वापरून गुळगुळीत झालं होतं. बटण बंद केलं की काट्याची वीज तुटणार, मग टाकी काठोकाठ भरलेली का असेना, काटा तळाला.

"हे काय आहे?"

"ते होय? बाबांनी मला गाडी शिकवताना दाखवलं होतं. कोणी गाडी मागितली की बंद करायचं," धाकटा म्हणाला. "मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा दाराशी खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

"बाबा, टाकीत पेट्रोल असायचं?"

"असायचं गं. तुला तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटायची नाही. वाईट वाटलं असतं तुला."

"नाही म्हणाला असतात तर मी भांडले तरी असते, बाबा. काट्याशी काय भांडणार?"

आपल्याच घरात आपल्याला इतकी वर्षं शेंडी लावली गेली, आणि ती तर बाबांना पेट्रोल परवडत नाही म्हणून कळवळायची! तिने पक्कड घेतली आणि ते बटण तारेसकट कापून काढलं. तारेची टोकं एकमेकांना जोडून त्यावर पट्टी गुंडाळली. मग काढलेलं सगळं मीटर, एकेक स्क्रू घट्ट करत, होतं तिथे परत बसवलं.

"ताई, अगं, माझी भिंत..."

तिने कापलेलं बटण त्याच्या तळहातावर ठेवलं. "हे टांग."

मग तिने बाबांपुढे हात पसरला. त्यांनी खिशातून चावी काढून दिली. बॅटरी जोडून ती आत बसली, चावी फिरवली. काटा सावकाश उठला आणि अर्ध्यावर जाऊन थांबला.

"कुठवर जाणार आहेस?" बाबांनी विचारलं.

"टाकी रिकामी होईपर्यंत," ती म्हणाली, आणि तिने गिअर टाकला.